गारांचे ढग आणि गावाची राखण



हैदराबादकरांना आकाशाचा कोप म्हटला की प्रथम आठवते ती मुसी नदी. २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी मुसीने निम्मे शहर धुऊन नेले, हजारो माणसे गेली, आणि अफझलगंजच्या बागेतील एका चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात कित्येक पिढ्यांनी पाहिले. त्या प्रलयानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. नदीच्या रागाला माणसाने बांध घातला. परंतु ज्या अनंतगिरीच्या डोंगरांत अनंतपद्मनाभाचे देवालय आहे आणि जेथे मुसीचा उगम आहे, त्याच विकाराबादच्या परिसरावर दर वर्षी फाल्गुन-चैत्रात जो दुसराच कोप कोसळतो, त्याला अडविणारे धरण कोणी अभियंता बांधू शकलेला नाही. तो कोप गारपिटीचा. तेलुगू शेजारी त्याला ‘वडगळ्ल वान’ म्हणतात. मार्च २०२३ च्या मध्यास विकाराबाद जिल्ह्यातील मर्पल्लीच्या बाजूला गारांचा असा थर साचला की, दख्खनच्या काळ्या-तांबड्या मातीवर कोणी पांढरी चादर अंथरली आहे असे वाटावे.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: वसंतातील वादळ, आणि ते येण्यापूर्वी गाव काय करीत असे व काय करू शकते. विषय हवामानशास्त्राचा दिसतो. पण त्यातील मोठा भाग शेजारधर्माचा आहे.

प्रथम ही गार येते कोठून ते पाहावे. माघ सरला की दख्खनच्या पठारावरील जमीन तापू लागते. वायव्येकडून येणारा वारा कोरडा असतो. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येणारा वारा ओला असतो. विदर्भ-मराठवाड्यापासून तेलंगण आणि कर्नाटकाच्या अंतर्भागातून थेट दक्षिणेपर्यंत या दोन वाऱ्यांच्या सीमेची एक रेघ अनेकदा तयार होते. हवामान खात्याच्या पत्रकांत ‘दक्षिणोत्तर द्रोणीय पट्टा’ असे तिचे रूक्ष नाव येते. खाली तापलेली ओलसर हवा आणि वर थंड कोरडी हवा, अशी उतरंड रचली गेली की दुपारनंतर ती कोसळते. म्हणजे खरे तर वर उसळते. ढग बारा-चौदा किलोमीटर उंच चढतो. जमिनीपासून चार-पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठण्याइतकी थंडी असते, तरी सूक्ष्म थेंब लगेच गोठत नाहीत. गोठणबिंदूच्या खालीही ते द्रवरूपातच तरंगत राहतात आणि एखाद्या हिमकणाचा स्पर्श होताच त्याला चिकटून बर्फ होतात. वर उसळणारा झोत त्या कणाला खाली पडू देत नाही. थरावर थर चढतात, आणि झोताला पेलवेनासे ओझे झाले की गार सुटते. लिंबाएवढी गार जमिनीवर येते ती ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने. आषाढातील ढगही मोठा असतो. पण त्याच्या पोटातील झोत सौम्य असतो, भोवतालची हवा ओली आणि उबदार असते, म्हणून त्याचे बर्फ वाटेतच वितळून पाणी होते. फाल्गुनातला ढग मात्र धान्य पिकविण्यासाठी येत नाही.

आणि तो येतो कोणत्या वेळी? हे नीट ध्यानात घेतल्याखेरीज गारपिटीचे दुःख कळणार नाही. पावसाळ्यात पाऊस रुसला तर पीक वाळते, पण तेव्हा शेतकऱ्याचा खर्च अर्धाच झालेला असतो आणि दुबार पेरणीची वेडी आशाही शिल्लक असते. फाल्गुनात पीक वाढत नसते; ते तयार झालेले असते. शाळू काढून पेंढ्या शेतात आडव्या पडलेल्या असतात, कणसे खुडून खळ्यावर आलेली असतात, हरभऱ्याचे ढीग उघड्यावर असतात, गहू सोनेरी होऊन विळ्याची वाट पाहत असतो. करडई उभी असते, आंब्याला कैरी धरलेली असते, लातूर-सोलापूरकडे द्राक्षाचे घड उतरणीला आलेले असतात, तेलंगणात उन्हाळी भात निसवत असतो. बी, खत, मजुरी, पाणी, व्याज, सारे काही त्या दाण्यात गेलेले असते. घास हातातोंडाशी आलेला असतो, आणि तोच उघड्यावर असतो. कडब्याचेही तसेच. शहरातल्या माणसाला कडबा म्हणजे वाळलेले धाट वाटते. गावात तो बैलाचे आठ महिन्यांचे अन्न असतो. भिजलेल्या कडब्यावर बुरशी चढली की जनावर तोंड लावीत नाही, आणि मग वैशाखात बाजारात बैल उभा राहतो. दहा मिनिटांच्या गारपिटीचा परिणाम असा तीन महिन्यांनी दिसतो.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. म्हणून गावगाड्यात त्यांनी या दहा मिनिटांसाठी एक स्वतंत्र माणूस नेमला होता. त्याचे नाव गारपगारी.

वऱ्हाड-नागपूरच्या मराठी मुलखात, विशेषतः आजच्या तेलंगणाला लागून असलेल्या चांद्याच्या बाजूला, हे नाव जुन्या पिढ्यांच्या ओठी होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतांतील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गारपगाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. हे लोक मूळचे नाथपंथी. गावावरची गार परतविणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी गावातील शेतकऱ्यांकडून त्यांना ठरलेला हिस्सा मिळे. रात्री आकाशात काळ्या धुरात तांबडी ज्वाळा मिसळावी तसा रंग दिसला, की गारपगारी हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी: ढग पांगव. विनवणी ऐकली नाही तर धमकी: मी येथेच जीव देतो. अंगावरची वस्त्रे तो फेकून देई. कधी बायकामुलेही त्याच्या बाजूला उभी राहत. पूर्वी तो स्वतःच्या अंगावर वार करून घेई, पुढे पुढे बोटातून थोडे रक्त काढण्यावर निभावू लागले, असे त्या ग्रंथकारांनी नोंदविले आहे.

आजच्या वाचकाला हे वाचून हसू येईल किंवा अंगावर शहारा येईल. दोन्ही स्वाभाविक आहेत. गारपगाऱ्याच्या तलवारीने एकही गार मागे फिरली नसणार, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. तरीही त्या व्यवस्थेकडे जरा थांबून पाहावे. रब्बीच्या अखेरच्या दिवसांत रात्री-अपरात्री आकाशाकडे पाहत राहणे हे गावात एका माणसाचे नेमून दिलेले काम होते. गाव झोपले तरी तो जागा असे. त्याला पोसण्याचा खर्च एका घराचा नव्हता. ज्याचे शेत त्याचा वाटा, असा तो सर्वांवर पडे. आणि मध्यरात्री तलवार घेऊन एक माणूस मारुतीकडे ओरडत धावला म्हणजे सारे गाव जागे होत असणारच. मग कोणी खळ्याकडे धावला असेल, कोणी गोठ्याकडे. देवाने ऐकले की नाही हा प्रश्न वेगळा. शेजाऱ्याने ऐकले असेल, हे मानायला हरकत नाही.

अशी समजूत केवळ आपल्याच मुलखाची होती असे मानून संकोचण्याचेही कारण नाही. युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. घंटानादाने ढग फुटतात अशी श्रद्धा होती. वीज अर्थातच गावातील सर्वांत उंच वस्तूवर, म्हणजे घंटेच्या मनोऱ्यावर पडे, आणि खाली ओला दोर हातात धरून उभा असलेला घंटेवाला मरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेहतीस वर्षांच्या काळात ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटेवाले दगावले, असा एक आकडा त्या काळच्या लेखनातून नेहमी दिला जातो. पुढे १८९६ च्या सुमारास ऑस्ट्रियातील द्राक्षमळेवाल्यांनी ढगांवर रोखलेल्या तोफा उभ्या केल्या. काही वर्षांत त्या देशोदेशी पसरल्या आणि गारा पडतच राहिल्या तेव्हा मागे पडल्या. आजही हिमाचलाच्या सफरचंदाच्या बागांत तशा तोफांचे नवे अवतार दिसतात. त्यांच्यापेक्षा बागेवर ताणलेली साधी जाळी अधिक खात्रीची.

मधल्या काळात गावगाड्याची बलुत्याची घडी विस्कटली, आणि गारपगाऱ्याचा हिस्सा कोणी देईनासे झाले. त्याचे मंत्र गेले याची खंत नाही. पण त्याचा पहाराही गेला आणि त्याच्या जागी बराच काळ कोणीच आले नाही. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट पुन्हा पुन्हा कोसळली, तेव्हा हे रितेपण उघडे पडले. लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेड, सोलापूर, आणि पलीकडे विदर्भ व उत्तर महाराष्ट्र: एकाच गावावर दोनदोनदा, तीनतीनदा गारा पडल्या. मेंढरे मेली, पाखरे झाडांखाली सड्यासारखी पडली, द्राक्षबागांचे मांडव जमिनीवर आले. पहिला तडाखा अनपेक्षित होता हे समजू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही राशी उघड्याच राहिल्या याला काय म्हणावे? त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्यामुळे मदतीच्या घोषणाही कागदपत्रांत घोटाळल्या.

तेलंगणात २०२३ च्या मार्चमध्ये हेच चित्र दिसले. तेथील शासनाने २ लक्ष २८ हजार एकरांवरील पिकांची हानी मोजून एकरी दहा हजार रुपये देण्याचे घोषित केले. रक्कम मोठी वाटते. ज्याने एकरभर मका नांगरणीपासून कणसापर्यंत नेला आहे, त्याला विचारावे.

आता एक गोष्ट, जी हैदराबादच्या मराठी कुटुंबांना विशेष उमजेल. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात तेलंगणाचे, मराठवाड्याचे आणि कर्नाटकाचे जिल्हे होते. त्या दिवशी राज्याचे तीन तुकडे झाले. नात्यांचे झाले नाहीत. कित्येकांची शेती देगलूर-बिलोलीकडे, उदगीरकडे, भालकी-औरादकडे राहिली आणि घर हैदराबादेत. ढगाला मात्र १९५६ ची सीमा ठाऊक नाही. बांधाच्या अलीकडच्या गावाचा अंदाज मुंबईच्या हवामान केंद्राकडून निघतो, पलीकडच्या गावाचा हैदराबादेतील बेगमपेठेहून, आणि औरादचा बंगळूरहून. एकाच ढगाच्या तीन भाषांत तीन सूचना. आदिलाबादकडच्या मराठी शेतकऱ्याच्या हाती तेलुगूतला संदेश येतो. औरादच्या मराठी शेतकऱ्याला कन्नडमधला. नुकसानभरपाईचे तर विचारूच नये. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली. तेलंगण २०२० मध्ये तीतून बाहेर पडले. इतर राज्यांतही गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे नियम पुन्हा पुन्हा बदलत गेले. परिणामी एका बांधावरच्या दोन शेजाऱ्यांवर गारा सारख्याच पडतात, पण एकाला एक अर्ज भरावा लागतो आणि दुसऱ्याला दुसऱ्या कचेरीची पायरी चढावी लागते.

या सगळ्यात समाधानाची बाब एवढीच की, पहारा आता पुन्हा सुरू झाला आहे. आजचा गारपगारी म्हणजे रडार. हैदराबादेतील डॉप्लर रडार ढगाच्या पोटातील थेंबांचा आणि गारांचा माग काढते, ढग कोठे सरकतो हेही सांगते. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण दीडशे-दोनशे किलोमीटरवर पोहोचेतो बराच उंच गेलेला असतो, म्हणून सीमेवरच्या गावांत ढगाचा तळ त्याला नीट दिसत नाही; ही त्याची मर्यादा. त्यावरून हवामान खाते पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज जिल्हावार देते. पिवळा, नारिंगी, लाल असे त्याचे रंग असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन विजांचा ठावठिकाणा वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात दाखविते.

तीन तास. गारपगाऱ्याला एवढा वेळ कधीच मिळाला नव्हता. प्रश्न असा की, या तीन तासांत गावात काय होते?

होण्यासारखे पुष्कळ आहे. खळ्यावरच्या राशीवर ताडपत्री चढविता येते. पण ती एकट्याने चढत नाही. वारा सुटला की चार कोपऱ्यांना चार माणसे लागतात. आपल्याकडे सावडीची पद्धत होती: आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पेरणीला आणि काढणीला चालणारी ती सावड वादळासाठी चालू नये असे काही नाही. कोणाकडे ताडपत्री आहे, कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाचे खळे पाणंदीच्या सखल बाजूला आहे, हे होळीपूर्वीच चावडीवर बसून ठरले, तर ढग आल्यावर फक्त धावायचे राहते. कडब्याची गंजी उताराच्या तोंडाशी रचू नये आणि तिचा माथा निमुळता ठेवावा, हे जुन्यांना सांगावे लागत नव्हते. काढलेला शाळू शेतात आडवा पडून असेल, तर तीन तासांत सगळा हलणार नाही. निदान कणसे तरी खुडून छपराखाली येतील.

छपराचीही एक कथा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे त्यांच्याच दगड-मातीच्या घरांखाली गाडली. धाब्याच्या जाड छतांची, माळवदांची माणसांनी धास्ती घेतली आणि हलका पत्रा गावोगाव चढला. भूकंपात हलके छप्पर जीव वाचविते, हे खरेच. पण वैशाखातल्या वावटळीत तोच पत्रा पात्यासारखा उडतो. तो उडू नये म्हणून माणसे वर दगड ठेवतात. मग पत्र्याबरोबर दगडही येतो. लोखंडी आकड्यांनी पत्रा वाशांना आवळणे आणि वासे भिंतीला बांधणे याला पर्याय नाही. भिंतीचेही तेच. २६ मे २०२४ च्या सोसाट्याच्या वाऱ्यात तेलंगणात डझनभर माणसे गेली. नागरकर्नूल जिल्ह्यात कोंबड्यांसाठी बांधल्या जात असलेल्या एका शेडची भिंत कोसळून काम करणारी माणसेच तिच्याखाली सापडली. त्याआधी त्याच महिन्यात, ७ मे रोजी हैदराबादच्या कडेला बाचुपल्लीत पावसात संरक्षक भिंत पडून सात जण मेले. ते सारे परराज्यातून कामाला आलेल्या मजुरांच्या झोपड्यांतले होते.

येथे शेजारी कोणाला म्हणावे हा प्रश्न येतो. ज्याचे नाव गावच्या यादीत आहे तो शेजारी खराच. पण फाल्गुनात गावाच्या शिवारात आणखी बरीच माणसे असतात. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपी घालून राहिलेली ऊसतोड कुटुंबे असतात, वीटभट्टीवरची माणसे असतात, माळावर मेंढरांचा कळप बसवून उघड्यावर निजलेला मेंढपाळ असतो. यांच्यापाशी छप्पर नाही. त्यांचा मोबाइल दूरच्या गावच्या नावाने नोंदलेला, म्हणून सूचना आली तरी ती चुकीच्या जिल्ह्याची असू शकते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादेच्या परिसरात गारपिटीने २४६ माणसे मेली. जगातील गारपिटीच्या बळींचा तो सर्वांत मोठा नोंदलेला आकडा आहे. अशा तडाख्यात उघड्यावर असलेल्यांचेच हाल सर्वाधिक होतात. सूचना फोनवर आली तरी माळावरच्या माणसापर्यंत ती कोणीतरी पायी न्यावी लागते. गावच्या शाळेतील थोरली मुले हे काम उत्तम करतात, फक्त ढग गडगडू लागण्यापूर्वी ती परत आली पाहिजेत.

कारण गारेपेक्षा वीज अधिक माणसे मारते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात विजेने २,८८७ माणसे मेली. त्यांत शेतात राबणाऱ्यांचा भरणा मोठा. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले की माणूस स्वभावतःच झाडाखाली जातो, आणि शेतात एकटे उभे असलेले झाड हीच विजेची आवडती जागा. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामध्ये तीस अंक मोजून झाले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये, हा नियम पाठ करायला सोपा आहे. बैलालाही झाडाला बांधून ठेवू नये. त्याला नियम ठाऊक नसतो.

आता देवालयांकडे वळू; महाजनांच्या सभेत ते वगळून चालणार नाही. ‘महाजन’ या शब्दाचा अर्थच असा की देवस्थानाचा भार एका घरावर नसून अनेक कुळांनी मिळून उचललेला आहे. गारपगाऱ्याचा हिस्सा गाव जसा वाटून देत असे, तसाच हा भार. गावात देवळाचे शिखर ही बहुधा सर्वांत उंच वस्तू असते आणि त्यावर धातूचा कळस असतो. कळस वीज ओढून घेतो म्हणून गाव सुरक्षित राहते, ही समजूत अर्धी खरी आहे. कळस वीज घेतो. पण ती जमिनीत जाण्यासाठी वाट नसेल तर ती चुन्या-दगडांतून वाट काढते, दगडांच्या फटींतील ओल क्षणात वाफ होते आणि शिखराला चीर पडते. बेंजामिन फ्रँक्लिनने १७५२ च्या सुमारास तडितवाहकाची कल्पना प्रत्यक्षात आणली; ज्या मनोऱ्यांवर घंटेवाले मरत होते, त्यांच्यावर पुढे तेच बसविले गेले. आपल्याकडच्या अनेक लहान देवळांवर ते अजून नाही, आणि काही ठिकाणी आहे ते केवळ दिसायला: तांब्याची पट्टी मधेच तुटलेली, किंवा कोणी कापून भंगारात विकलेली. शिखरावरचा त्रिशूळ शाबूत असतो आणि खालची पट्टी नसते, म्हणजे विजेला बोलावले पण घरात शिरायची वाट दाखविली, अशी अवस्था.

दुसरी गोष्ट सभामंडपाची. वादळात माणसे देवळाकडे धावतात, आणि पुष्कळदा देऊळ कुलूपबंद असते. दुपारी नैवेद्य झाला की किल्ली पुजाऱ्याच्या घरी. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात दुसरी किल्ली मंडपाच्या सर्वांत जवळच्या घरी असावी, एवढा साधा ठराव देवस्थानच्या बैठकीत होऊ शकतो. मंडप चारी बाजूंनी उघडा असेल तर तो गारेपासून वाचवितो, विजेपासून पुरेसा वाचवीत नाही, हेही माणसांना सांगून ठेवावे. शक्य तर भिंती असलेल्या ओवरीत किंवा धर्मशाळेत बसावे, खांबाला टेकून उभे राहू नये. देवळाचा भोंगा आरतीसाठी आहेच. तीन तासांच्या सूचनेसाठी तो वाजला, मराठीत आणि सीमेवर तेलुगूतही, तर त्याच्यावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण ढग डोक्यावर आल्यानंतर भोंगा आणि घंटा दोन्ही सोडून द्यावीत. घंटेवाल्यांचा आकडा आपण ऐकला.

आणि एक विषय, जो थोडा अवघड आहे. हैदराबादेत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची गावाकडची शेती बटईने दिलेली असते. नांगर, बी, राबणूक बटईदाराची, सातबारा मालकाचा. गारपीट झाली की पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो, आणि मदतीचा पैसा त्या नावाच्या खात्यावर येतो. नुकसान ज्याचे झाले त्याच्या हाती काही येत नाही, किंवा मालकाच्या मर्जीने येते. कायद्याने हा गुंता सुटेल तेव्हा सुटो. तोवर सुगीपूर्वीच मालकाने बटईदाराला दोन ओळी लिहून द्याव्यात की आपत्तीची मदत आली तर ती कसणाऱ्याची, आणि त्या ओळी ग्रामपंचायतीत दाखवाव्यात. असे करणारे मालक आहेत. गावात त्यांचे नाव कसे घेतले जाते ते देगलूरच्या बाजारात उभे राहिल्यावर ऐकू येते.

शहरातल्या मुलांनाही या पहाऱ्यात एक काम आहे. आई-वडील गावात, हाती जुना फोन, संदेश इंग्रजीत किंवा परक्या भाषेत; आणि मुलगा हैदराबादेत संगणकापुढे बसलेला. त्याला रडारचे चित्र दिसते, त्यांना फक्त आभाळ दिसते. दुपारी दोन वाजता आलेला एक फोन, आणि “काका, खळं झाकून घ्या, शेजारच्या मामींनाही सांगा” एवढे शब्द, हे आजच्या गारपगाऱ्याचे ओरडणे आहे. फोन करताना बटईदाराचा क्रमांकही पाठ असावा. मालकाच्या वाड्यापेक्षा त्याची झोपडी अधिक उघडी असते.

गारा पडून गेल्यावर करायची कामे थोडी आहेत, पण वेळेची आहेत. जेथे पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचा समावेश आहे तेथे नुकसानीची सूचना बहात्तर तासांत द्यावी लागते. भिजलेली रास उन्हात पसरण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. फळझाडांच्या मोडलेल्या फांद्या सरळ कापून जखमेवर बोर्डो मलम लावावे, नाही तर बुरशी आत शिरते. वाकलेला भात पाण्यात राहू देऊ नये.

तडितवाहकाच्या बाबतीत एक गोष्ट देवस्थानांच्या कार्यवाहांनी याच पंधरवड्यात पाहून घ्यावी. पट्टी जेथे जमिनीत उतरते तेथे मीठ-कोळशाचा खड्डा असतो. फाल्गुन-चैत्रात जमीन कोरडी होते, खड्डा सुकतो, आणि ज्या ऋतूत विजा कोसळतात त्याच ऋतूत वाहकाची जमिनीशी असलेली गाठ सैल पडते. वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून त्या गाठीचा विद्युत्‌रोध मोजून घ्यावा, आणि होळीपासून मृगापर्यंत दर आठ दिवसांनी त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतावे. तुळशीला पाणी घालणाऱ्याकडेच हे काम सोपविले तर विसर पडत नाही.